पुढच्या पायरीला द्यायचं पुडकं

१३ जानेवारी १९९२

सीतारामशी आजपासून बोलणं बंद.

कारण नोंदवून ठेवते. डोंबिवलीच्या रंगाई कारखान्याचे मालक आज आमच्या ठाण्याच्या कचेरीत आले होते. त्यांच्या कापड रंगवायच्या दोन टाक्या संगणकावर चालवून द्यायच्या आहेत. प्रोग्राम मी आणि सीताराम भोईर मिळून लिहितो. मी माझी रचना समजावून सांगत होते. हा मध्येच म्हणाला, "मॅडम लिहितात सुंदर, पण चालतं ते माझं." मालक हसले. आमचे टिपणीससाहेबही हसले. एम.टेक.चं सुवर्णपदक मी हे ऐकण्यासाठी मिळवलं नव्हतं.

माफी मागेपर्यंत अबोला.

१५ जानेवारी

वादाचं मूळ इतकं सोपं आहे की चीड येते. प्रोग्राममधलं पहिलं फंक्शन टाकीत पाणी सोडतं आणि लगेच परत येतं. टाकी भरेपर्यंत ते थांबत नाही. भरल्याची वर्दी मागाहून येते आणि तिने दुसरं फंक्शन जागं होतं: तापव. तापल्याची वर्दी आली की तिसरं: रंग सोड. मग चौथं: उपसून टाक. आता सुरुवातीला जे ठाऊक होतं — कोणती टाकी, कोणता रंग, किती अंश — ते चौथ्या पायरीला कोण सांगणार? पहिली पायरी तर केव्हाच संपून गेलेली असते.

माझं उत्तर: या माहितीचं एक पुडकं करा. प्रत्येक पायरीने ते पुढच्या पायरीच्या हाती द्यावं. त्यात भर घालावी, काढू मात्र काही नये.

सीतारामचं उत्तर: "एका जागी सगळं ठेवून द्या ना, ज्याला पायजे तो बघेल." सार्वजनिक नळाची कल्पना. दोघे एकदम पाण्याला आले की काय होतं, हे याने कधी पाहिलेलं नाही काय?

१७ जानेवारी

आमची टेबलं पाठीला पाठ लावून आहेत. तरी निरोप कमळाबाईंमार्फत जातात. कमळाबाई म्हणजे चेंदणी कोळीवाड्यातून येणाऱ्या, चहा आणि झाडलोट बघणाऱ्या. आज मी म्हटलं, "कमळाबाई, त्यांना सांगा, माझ्या फायलीला हात लावायचा नाही." त्याला शब्दन् शब्द ऐकू गेला असणार. तरी त्या टेबलाला वळसा घालून गेल्या आणि म्हणाल्या, "सीतारामदादा, ताई म्हणतात, हात लावू नको."

तो: "कुणाला?"

कमळाबाई: "ते नाय सांगितलं."

मग पदर तोंडाला लावून हसत स्वयंपाकखोलीत गेल्या. "दोघं शिकलेली, आन् नवराबायकोवानी करतायत," हे मला ऐकू यावं एवढ्या आवाजात.

चिठ्ठी लिहिता आली असती. पण चिठ्ठी लिहिणं म्हणजे बोलणंच.

२२ जानेवारी

टिपणीसांनी दोघांना आत बोलावलं. आम्ही दोघं त्यांच्याकडेच पाहत बसलो.

"रचना मॅडमची घेतोय," ते म्हणाले. "टाकी चालू करायचा भाग सीतारामचा. पण दोघांचा पगार मला यापुढे परवडत नाही. फेब्रुवारीत कारखान्यात चाचणी आहे. त्यानंतर या खोलीत एकच टेबल राहील. कुणाचं, ते चाचणी ठरवेल."

खोलीच्या बाहेर येताना त्याने माझ्यासाठी दार उघडं धरलं. मी दुसरी फळी उघडून बाहेर पडले.

३० जानेवारी

पुडक्याचा पूर्ण भाग फ्लॉपीवर घालून कमळाबाईंच्या हाती त्याच्याकडे पाठवला. दिवसभर तो ते वाचत होता. मान वर नाही, विडी ओढायला जिन्यात जाणं नाही. मी कचेरीच्या कामासाठी खोपटला जाऊन आले तर तो निघून गेलेला. कमळाबाई कपबशा विसळत होत्या.

"काही बोलले?"

"बोलला ना. पुडकं बरोबर हाय म्हणाला."

शेवटी कबूल केलं! माझ्या तोंडावर म्हणण्याचं धैर्य नाही, पण कबूल केलं. आज घरी येताना मोगऱ्याचा गजरा घेतला. कित्येक महिन्यांत घेतला नव्हता.

६ फेब्रुवारी

माफी अजून नाही. दोनदा तो वळला, काहीतरी बोलेल असं वाटलं. मी संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिले. क्रम असतो; आधी माफी.

१२ फेब्रुवारी

सर्वनाश.

पहिली टाकी किरमिजी, दुसरी पिवळी. पहिलीत पाणी भरू लागलं. मला वाटलं होतं, ती पुरी होईपर्यंत दुसरी थांबेल. कारखान्याच्या सुपरवायझरने घाईत दुसरीही चालू केली. तासाभराने झाकणं उघडली. पहिल्या टाकीत पांढरं कापड नुसत्या गार पाण्यात पडून होतं. दुसऱ्या टाकीत दोन्ही रंग गेले होते. जे बाहेर आलं त्याला रंग म्हणवत नाही, खाडीचा गाळ.

मालक म्हणाले, "संगणक नव्हता तेव्हा निदान कापड तरी रंगत होतं."

दोष मी तिथेच उभ्या उभ्या ओळखला. पुडकं एकच होतं. दुसरी टाकी चालू होताच तिने आपली माहिती त्याच पुडक्यात भरली. पहिलीचं पाणी भरून झाल्यावर तिच्या पायऱ्यांनी पुडकं उघडलं, तर त्यात शेवटचा टाकी नंबर दोन, आणि रंग दोन्ही. माझ्या रचनेत दर टाकीला स्वतंत्र पुडकं गृहीतच आहे! ते चालू करणाऱ्याने मागून घ्यायचं. चालू करण्याचा भाग कुणाचा?

१३ फेब्रुवारी

टिपणीसांसमोर हेच, याच क्रमाने मांडलं. सीताराम ऐकत होता. मग म्हणाला, "मला दिसलेलं ते. मी सांगितलेलं."

"कुणाला?"

"मॅडमना."

मी म्हटलं, "साहेब, हे गृहस्थ महिनाभर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. सगळ्या कचेरीला ठाऊक आहे."

टिपणीसांनी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात कमळाबाई चहा घेऊन दारात आल्या. सीतारामने त्यांच्याकडे पाहिलं, टिपणीसांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "जाऊ द्या साहेब. राहिलं असेल."

खोटं पकडलं गेलं की माणूस असाच गप्प होतो.

१७ फेब्रुवारी

त्याचं टेबल हलवलं. दोन फ्लॉप्या आणि एक फुटपट्टी, एवढंच सामान. जाताना तो कमळाबाईंच्या पाया पडला. माझ्या टेबलाशी थांबला, मी फोनवर होते. फोन लांबवला.

१९ फेब्रुवारी

दुसरी चाचणी पार पडली. दोन टाक्या, दोन पुडकी. किरमिजी किरमिजी आला, पिवळा पिवळा. टिपणीसांनी पेढे मागवले. विभाग माझा.

खोली मोठी वाटते.

२४ फेब्रुवारी

कमळाबाई चहा ठेवताना म्हणाल्या, "बरं झालं ताई, निरोप सुटले. तुमचे एक बरे, आखूड असायचे. तो केवढाले द्यायचा. त्या दिवशी म्हणे, सांगा, पुडकं बरोबर हाय, पण दोन टाक्यांना दोन पायजेत, नायतर एकमेकांत जाईल, आन् माफी मागतो म्हणून सांगा. येवढं कोण ध्यानात ठेवतोय? तुमच्या कामाचं तेवढं सांगितलं. म्हटलं, ताईंना बरं वाटेल."

चहा प्यायले.

सीताराम शहाडला घरीच बसून आहे. टिपणीसांकडे पत्ता आहे. मागितलेला नाही.