अडकलेल्या गाड्या

२ एप्रिल
बातमी खरी निघाली. सिमेंट कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं काम एक मेपासून पुण्याच्या एका मोठ्या फर्मकडे. मी आणि गजानन, दोघेही कंत्राटी, महिनाअखेरीस मोकळे. साहेब म्हणाले, "भाऊ, निर्णय वरचा आहे." वर कोण असतं ते इतक्या वर्षांत मला दिसलेलं नाही. ट्रक भरण्यापासून भाड्याच्या बिलापर्यंतचा प्रोग्राम आम्ही दोघांनी उभा केला. कागदावर आम्ही 'रिसोर्स'. कोळसा, पाणी आणि मी.
जाण्याआधी एक काम करून द्यायचं: के.टी., म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. डोक्यात आहे ते नव्या लोकांना शिकवायचं. सगळं रेकॉर्ड होणार.

३ एप्रिल
वंदनाला सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली नाही. "मंग आता काय करसान? भाषणात तं साऱ्या दुनियेले सांगता, लढा म्हणून. लढा आता."
टोमणा होता की खरंच म्हणत होती?
बाबांची गिरणी बंद झाली तेव्हा त्यांच्या तोंडावर फाटक लावलं, एवढंच. फाटकाची कडी कशी लावतात हे शिकवून जा, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. एका पिढीत आम्ही एवढी प्रगती केली.

६ एप्रिल, रवि.
जरीपटक्याला एका मित्राच्या क्लासमध्ये कंत्राटी पोरांची सभा बोलावली. ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे आले होते. माणसं आली तीन. एक गजानन. दुसरा मुलगा लवकर उठला, त्याची त्याच पुण्याच्या फर्मशी ऑनलाइन मुलाखत होती. तिसरे गृहस्थ दहावीच्या बॅचची चौकशी करायला आले होते.
तरी अर्धा तास बोललो. त्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

८ एप्रिल
के.टी. सुरू. फर्मची मुलगी समोर, प्रणाली, रामटेकची. शिकणारी ती एकटीच. बाकी पडद्यावर चारपाच चौकोन, सगळ्यांचे कॅमेरे बंद.
लाज वाटते लिहायला, पण मी फार छान बोललो. समोर शिकणारं माणूस असलं की मला राहवत नाही. दोन दिवसांचा भाग एका बैठकीत संपवला. साहेब खूश. "तुमच्यामुळे लवकर आटोपेल." म्हणजे मी लवकर आटोपेन.

१० एप्रिल
टपरीवर गजानन तापला. "तू काहून सारं ओकून राहिला बे? अडकलेल्या गाड्यांचं नको सांगू. तेवढं एक ठेव."
अडकलेल्या गाड्यांचं कुठेच लिहिलेलं नाही. ट्रक फाटकाबाहेर गेला पण त्याचं शेवटचं वजन चढलं नाही, तर तो प्रोग्राममध्ये अडकतो. महिनाअखेरीस असे ट्रक आधी एकेक करून हाताने बंद करायचे, मगच बिलं काढायची. उलट केलं तर त्यांचं भाडं दुबार निघतं. आणि प्रोग्राम कुरकुर करत नाही. हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' म्हणतो.
"भाडं दुबार गेलं का धावत येतीन आपल्याकडे," गजानन म्हणाला. "हात जोडून, भाऊ. हात जोडून."
मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

१४ एप्रिल
जयंती. नंदनवनच्या विहारात दरवर्षीप्रमाणे माझं भाषण. विषय माझाच, जुना: विद्या कुलपात ठेवणारे. आमच्या आज्यांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्या घामावर पोथ्या जगल्या, वगैरे. वगैरे नाही. हे मी रक्तातून बोलतो. "ज्याने जाणूनबुजून ज्ञान दडवलं त्याने माणूस मारला!" म्हणालो, आणि समोर दुसऱ्या रांगेत गजानन दिसला. तो खाली पाहत होता.
पुढचं वाक्य सापडलं. पण शोधावं लागलं.
बाहेर आल्यावर गजानन: "भाऊ, आज तं तू मलेच हाणलं." मी म्हणालो, तुला नाही.

१७ एप्रिल
प्रणालीने आज रेकॉर्डिंग थांबवलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या कॉलेजमध्ये आला होता. ओळखलंच नाही ना? प्रश्न विचारणं सोडू नका, असं म्हणाला होता. मी घरी भांडून कॉम्प्युटरला प्रवेश घेतला."
किती कॉलेजांत गेलो असेन. किती पोरांना पेटवून आलो. त्यातली एक माझ्या खुर्चीवर बसायला आली.
विचारलं, पक्की नोकरी आहे? हसली. "कुठली पक्की सर. सहा महिन्यांचं कंत्राट. नीट केलं तर वाढवतात म्हणे."
हिच्यावर रागवायचं कसं? फर्मला चेहरा नाही. चेहरा पाठवते ती हिचा.

२४ एप्रिल
शेवटची बैठक. ती प्रश्न विचारणं सोडत नाही. (माझाच उपदेश.) "सर, महिनाअखेरीला काही वेगळं करावं लागतं का?"
चौकोन सगळे काळे. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका.
"नाही," म्हणालो. "बिलाचं बटण दाबायचं."
घरी येऊन ते रेकॉर्डिंग ऐकलं. स्वच्छ उच्चार, योग्य ठिकाणी विराम. खणखणीत आवाजातलं खोटं. प्रणालीने त्यावर "थँक यू सर" म्हटलंय.

२५ एप्रिल
गजाननने मिठी मारली. मला शिसारी आली. त्याची नाही.

२८ एप्रिल
वंदनाने ओळखलं. सांगावं लागलं सगळं. कूलरच्या आवाजात मी बराच वेळ बोलत होतो: शोषण, भांडवल, हातात उरलेलं शेवटचं हत्यार. तिने पूर्ण ऐकून घेतलं.
"मंग हे कोणाले लागंल?"
"कंपनीला."
"कंपनीले काहून लागंल? भाडं ते वसूल करून घेतीन. पोरगी जाईल पहिले."
मी म्हणालो, लढाईत निरपराध...
"तिले सांगा ना मंग हे. मले काहून सांगून राहिले?"

२९ एप्रिल
एप्रिलची बिलं नवे लोकच काढणार, म्हणून ओळखपत्र एक दिवस आधीच जमा केलं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "येत राहा भाऊ." कार्ड नसताना कसं, ते दोघांनाही सुचलं नाही.

३० एप्रिल
सकाळी प्रणालीचा मेसेज. "सर, आज महिन्याची बिलं. पहिल्यांदाच एकटीने काढतेय. दुपारी जेवण झालं की बसेन. शुभेच्छा द्या."
चहा झाला, पेपर झाला. वंदना दोनदा येऊन पाहून गेली.
सांगितलं तर आमच्या हातात काहीच उरत नाही. गजाननची दोन मुलं शिकतात. मे महिन्यात कोणी बोलावेल या आशेवर तो बसलाय. माझ्या शब्दावर बसलाय. मी शब्द दिला नव्हता, पण त्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये दिलाच की.
आणि नाही सांगितलं तर पुढच्या जयंतीला कुठल्या तोंडाने उभा राहू?
लिहायला घेतलं: 'बेटा, बटण दाबण्याआधी अडकलेल्या'
इथेच गजाननचा फोन आला. उचलला नाही. आता परत येतोय.
व्यासपीठावर माझं वाक्य कधी अर्धवट राहिलं नाही. हे अजून तसंच आहे. वंदना ताटं वाढतेय. रामटेकच्या पोरीचंही जेवण होत आलं असेल.