हिरव्या वॉर्डातली विहीर

मंगळवार, १४ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिभेला आराम नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "धाकटीने करून पाठवलेला नकाशा पाणीखात्याच्या दालनात लागलाय!" थोरली त्याच खात्यात बावीस वर्षं नकाशे काढतेय, हे सांगायचं राहून जातं.

नकाशा सुरेखच आहे. प्रत्येक वॉर्डाला एक रंग. पाणी चांगलं तिथे हिरवा, दूषित तिथे तांबडा. साहेब म्हणाले, "बाई, एका नजरेत कळतं बघा. तुमचे ते विहिरीगणिक ठिपके मोजून डोळे दुखायचे." मी हसले. तुला पेन्सिलीला टोक काढायला मी शिकवलं, चिमे.

आता खरं लिहिते. पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं. सात नंबरच्या वॉर्डात अकरा विहिरी. दहा चांगल्या, पण छापखान्यामागच्या एकीत यंदा आर्सेनिक निघालं, मर्यादेच्या चौपट. तू सरासरी काढलीस आणि अख्खा वॉर्ड हिरवा झाला. ठिपक्यांच्या नकाशात ती लपली नसती.

मी बोलले नाही. वाटलं, बाहेरच्या कुणीतरी चूक काढावी, चारचौघांत तुझं नाक कापलं जावं. तीन आठवडे वाट पाहिली.

काल छापखान्यामागून जात होते. तिथली शिंपीणबाई कळशी भरत होती. सातवा महिना आहे तिला.

"हे पाणी नका नेऊ," मी म्हटलं.

"का हो? तुमच्याच नकाशात हिरवं आहे की! ते बघूनच तर इथलं भरायला लागले."

मी तिची कळशी ओतून दिली, तशीच कचेरीत गेले आणि साहेबांपुढे आकडे ठेवले. संध्याकाळपर्यंत विहिरीला कुलूप लागलं. "बरं झालं बाई, वेळेत लक्षात आलं तुमच्या," साहेब म्हणाले. मी नुसतं "हो" म्हटलं.

आज तुझा नकाशा उतरवला. आता माझा लागणार आहे. आई शेजारणीला माझं कौतुक सांगतेय आणि मी ताट बाजूला सारून हे पत्र लिहितेय.

उद्या साहेबांना त्या तीन आठवड्यांचं सांगणार आहे. शिंपीणबाईला कसं सांगायचं, ते सुचत नाही. तुला आधी लिहिलं, कारण तुझी नजरचूक होती. माझी नव्हती.

इतके दिवस तुला पाण्यात पाहणारी,
तुझी सख्खी ताई