थ्रॅपबाईंची त्रेचाळीस पुस्तकं

४ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नोएलीनला कडेकडेचं दिसेल, मधलं नाही. वाचन संपलं. परतताना गाडीत, आमचं ओमारू गाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "ग्रेम, मला थ्रॅपबाई वाचून दाखवशील? कुठलंही चालेल." थ्रॅपबाई म्हणजे तिची लाडकी लेखिका: ड्रॅगन, चेटकिणी आणि त्रेचाळीस पुस्तकं. लग्नाआधीपासून वाचते. मी एकही उघडलेलं नाही. शब्द दिला. उद्यापासून रोज एक तास.

५ मार्च
सुरुवात केली नाही. 'कुठलंही' म्हणजे काय? एकतीस वर्षं मी बसची वेळापत्रकं बनवली. पहिलं छापलेलं पुस्तक कथेत एकोणिसावं येतं! छापल्याच्या क्रमाने जायचं की घडल्याच्या? सोमवारपर्यंत तक्ता तयार करतो.

१९ मार्च
तक्ता तयार. चार रंगांत. नोएलीनला दाखवला. तिने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, "रंग छान असतील." आवडलेला दिसतो.

२ एप्रिल
वाचनालयातल्या बाई म्हणतात, तिसऱ्यापासून घ्या, पहिली दोन कच्ची आहेत. इंटरनेटवर एका गृहस्थाने त्यावरून मला मूर्ख ठरवलं. तक्ता पुन्हा करायला घेतला. नोएलीन दिवसभर रेडिओ ऐकते. तिला रेडिओ इतका आवडतो हे मला माहीत नव्हतं.

२१ एप्रिल
आज अगदी वाचायलाच बसलो होतो. पुस्तक उघडलं. ती समोर, हात मांडीवर. माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. "चष्मा आणतो," म्हणून उठलो. चष्मा नाकावरच होता. गॅरेजमध्ये थोडी आवराआवर केली. तशीही क्रमाची खात्री झालेली नाही.

६ मे
शेजारची सेला पहाटेची पाळी करून दुपारी मोकळी असते. आज नारळाच्या दुधातलं मटण घेऊन आली आणि फळीवरचं हाताला लागलं ते पुस्तक वाचायलाच लागली. अकरावं! तिच्या टोंगन बेटांवरच्या ढंगाने, सगळे उच्चार चुकवत. नोएलीन दुरुस्त करत होती. निघताना फाटकापाशी सेलाला शांतपणे समजावलं, की पाचवं झाल्याशिवाय अकरावं कळूच शकत नाही.
"अरे, तिला सगळी पाठ आहेत," सेला म्हणाली. "कळायला हवंय कुणाला?"
बाई मनाने चांगली आहे. पद्धत नाही, एवढंच.

२८ मे
सेला रोज येते. हरकत घेतली नाही. मी नीट सुरुवात करेपर्यंत तेवढाच विरंगुळा.

९ जुलै
इथला कडक हिवाळा. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. तक्ता अंतिम! आता कोणी बोट ठेवू शकणार नाही. दाढी केली, पहिलं पुस्तक घेऊन बैठकीच्या खोलीत गेलो. सेला आधीच बसलेली. म्हटलं, नोएलीन, आजपासून मी वाचतो.
तिने विचारलं, कुठलं आणलंस? सांगितलं.
"ते आम्ही जूनमध्ये संपवलं रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता ऐन लढाईत आहोत. आम्हा दोघींना चहा टाकतोस?"
टाकला. तीन कप काढले होते. आत दोन नेले. माझा स्वयंपाकघरात उभ्यानेच प्यालो, दार उघडं ठेवून. कोण कुणाशी लढतंय ते कळलं नाही. सेला वाचत होती तोवर उभा राहिलो.