रेडिएटरची क्लिप आणि नथानियलचे सल्ले

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. रोहा

पाईप फुटला! कोलाडहून येताना गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेवर. बॉनेट उघडलं तर नुसती वाफ. पाणी ओतत, थांबत थांबत घरी आणली. रेडिएटरचा वरचा पाईप, टोकाशी चिरलाय.

आणि मंगळवारी सासूबाईंना पेणला न्यायचंय. एक डोळा काचबिंदूने गेलाच. उरलेल्याचं ऑपरेशन. तारीख दोनदा पुढे गेलीय, आता उशीर चालणार नाही म्हणाले डॉक्टर.

नथानियलला व्हिडिओ कॉल केला. नवरा आहे ना माझा! इस्रायलला जाऊन चार वर्षं झाली. "कागद होतायत, दोघींना बोलावतो." चार वर्षं होतायतच. आज म्हणाला, "भाड्याची गाडी कर. आपली विकून टाक." विकून टाकणं, सोडून जाणं—याला फार सोपं वाटतं. पुढच्या तपासण्यांना काय करू? धाटावच्या कारखान्यात शिफ्टला चालत जाऊ?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नवा पाईप आणला. जुना निघेना. क्लिप कारखान्यातच दाबून बसवलेली—पेच नाही, स्प्रिंग नाही, वर नुसता एक चिमटलेला कान. त्यावर गंज. ज्याने ही शोधून काढली, त्याने आयुष्यात एकही काढलेली नसणार.

नथानियल म्हणाला, "पक्कडीत धर आणि जोरात पीळ. सोपं आहे." पाईपच्या आत रेडिएटरची प्लॅस्टिकची मान आहे. पिळली की तुटली. मग अख्खा रेडिएटर नवा. तसं सांगितलं तर म्हणे, "इकडच्या गाड्यांत असलं काही नसतं." तिकडे स्वतः बसने फिरतो!

आई, म्हणजे सासूबाई, ओट्यावर कान टवकारून. त्यांना फोन दिला की एकच—"बरं हाय, सगळं बरं हाय." लेकाचं माणूस. मी इथे काय बोलते ते सगळं तिकडे पोचत असणार.

सूर्य कलला. ग्रीस खरवडून हात धुतले, शब्बाथचे दिवे लावले.

८ नोव्हेंबर, शनिवार

शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विसाव्याचा वार. गाडीला हात लावला नाही. क्लिपला फुकटची सुट्टी.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारचा रघू आला. बोलावलं होतं कुणी? "वहिनी, सरका. बायकांचं काम नाय ह्ये." स्क्रूड्रायव्हर कानात खुपसला आणि टोक मोडलं. माझा स्क्रूड्रायव्हर! मग पाना घेऊन ठोकायला निघाला.

"आत प्लॅस्टिक आहे."

"काय होत नाय त्याला!"

पाना हातातून काढून घेतला. तर उभा राहून गॅरेजवाल्यांची नावं सांगत बसला. चहा मात्र दोनदा प्यायला.

तो गेल्यावर आई म्हणाल्या, "गो तामार, त्याला परत हात लावू देऊ नको. तुलाच जमंल." वा! काम अडलं की सून गुणाची.

१० नोव्हेंबर, सोमवार

निघाली!!

सकाळची शिफ्ट करून आले आणि एकदम डोक्यात आलं—जुना पाईप फेकायचाच आहे. मग त्याला जपतेय कशाला? क्लिपच्या अलीकडेच कापून टाकला. हात आत जायला जागा झाली. करवतीच्या पात्याने कान हळूहळू घासला, बारीक झाल्यावर जंबुराने धरून तोडला—टक्! बोट चिरलं. चिरू दे. दुसऱ्या टोकाची क्लिप तर लगेच निघाली. मानेवर राहिलेला तुकडा उभा चिरून सोलला. मानेला ओरखडा नाही.

नवा पाईप, पेचाच्या क्लिपा. इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. एक थेंब नाही!

नथानियलला फोटो पाठवला. उत्तरात अंगठा. नुसता अंगठा. चार वर्षांत एवढंच बोट हलवलंय त्याने आमच्यासाठी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पेण. नागोठण्याच्या पुढे खड्डे, पण काटा मध्यावरून हलला नाही. ऑपरेशन झालं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले.

नथानियलचा फोन नाही. आज आईचं ऑपरेशन, हेही विसरला! मी लावणार होते. आईंनीच हात धरला—"नको करू."

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेणला पट्टी निघाली. आईंना दिसतंय. परत येताना मी म्हटलं, "आता कागद झाले की तिकडचा प्रवास जमेल तुम्हाला."

आई म्हणाल्या, "गाडी बाजूला घे, गो." घेतली.

"दोन वर्सांमागंच बोलावलंन् त्यानं. मला एकटीला. त्याच्या घरात दुसरी हाय. मी म्हटलं, मी नाय येत. माझी सून हाय इथं."