बिनमेणाचा शब्द

मंगळवार, ४ मार्च

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर त्याचं नाव. फक्त त्याचं!

अकरा वर्षं रोज सकाळी आठ-दहाला रेडिओवर पाच मिनिटं एका इंग्रजी शब्दाची गोष्ट लागते. शब्द मी शोधायचा, कोश मी उपसायचे, पान मी लिहायचं. आणि वाचायचं गोडगळ्याने. नाव मीच ठेवलंय, ताई आणि मी घरात त्याला दुसऱ्या नावाने ओळखतच नाही. तीनशे पानांतली एकूण एक ओळ माझी. आणि मी कुठे? शेवटच्या पानावर, आभारात, ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाच्या खाली — ‘टंकलेखन साहाय्य’.

टंकलेखन!

बुधवार, ५ मार्च

ताई म्हणाली, ‘अगं, जाऊन विचार ना सरळ. खाणार आहे का तो तुला?’

नाही विचारणार. छापताना मला कुणी विचारलं होतं?

गुरुवार, ६ मार्च

केंद्रावर सगळ्यांच्या हातात पुस्तक. स्वागतकक्षातली मुलगी त्याची सही घेऊन आली आणि मलाच दाखवायला लागली! ‘किती नाइस आहेत ना हो ते?’

नाइस. आहेच की! ह्या शब्दावर मी तीन वर्षांपूर्वी पान लिहिलं होतं. मुळात लॅटिनमधून आलेला — अर्थ अडाणी, काही न कळणारा. मग मूर्ख. मग नखरेल, मग चोखंदळ, आणि असं घरंगळत घरंगळत शेवटी छान, गोड वगैरे. शेकडो वर्षं लागली बिचाऱ्याला. तेव्हा हो गं बाई, नाइसच आहे तो. अगदी मूळ अर्थाने.

दुपारी जिन्यात गाठलं त्याने. ‘बाई, जरा बोलायचं होतं.’ मी म्हटलं, ‘उद्याचं पान टेबलावर ठेवलंय.’ आणि उतरून गेले. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. दिवसभर बरं वाटलं.

सोमवार, १० मार्च

मिळालं! मिळालं!

रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहात प्रकाशन. अध्यक्ष कोण? कात्री! म्हणजे ते निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रबंध कातरत बसले म्हणून हे नाव. एका भाषांतरकाराला त्यांनी भर सभेत एका स्वल्पविरामावरून घाम फोडला होता. मी तिथे होते. त्या माणसाने पुढे दोन वर्षं काही छापलं नाही.

आणि केंद्रप्रमुखांचा हुकूम — गोडगळ्याने तिथे एक नवीन शब्द सांगायचा. पुस्तकात नसलेला. आला लगेच माझ्या टेबलाशी. ‘बाई, एखादा झकास शब्द द्या. लोकांच्या लक्षात राहील असा.’

मी म्हटलं, ‘पत्राच्या शेवटी सहीच्या वर लिहितात तो चालेल? सिन्सिअर?’

‘वा! माझा आवडता.’

असणारच.

मंगळवार, ११ मार्च

खरं एवढंच आहे : लॅटिन सिन्सेरस. स्वच्छ, निर्भेळ, भेसळ नसलेलं. त्याच्या मागे काय, ते नक्की नाही. एकाच मुळापासून वाढलेलं, एकजिनसी — असा एक अंदाज. इंग्रजीत आधी वस्तूंना लावत, म्हणजे निर्भेळ पदार्थ वगैरे. माणसांना खऱ्या मनाची म्हणायला नंतर लागले. कोरडं पान. दोन मिनिटांत संपेल.

खोटं मात्र काय देखणं आहे! सिने म्हणजे शिवाय, सेरा म्हणजे मेण. लबाड मूर्तिकार संगमरवराला गेलेले तडे मेणाने बुजवायचे. ऊन लागलं की मेण वितळायचं आणि मूर्तीचं नाक गळून पडायचं. म्हणून प्रामाणिक मूर्तिकार पाटी लावायचे — बिनमेणाचं! कोशकारांनी ही गोष्ट कधीच मोडीत काढलीय. तरी लोक सांगतात. कात्रींचा तर ह्यावर एक अख्खा लेखच आहे, ‘मेण लावणारे’. असा सोलून काढलाय एकेकाला!

मी मेण लिहिलं. चार तास बसले. गल्ली, ऊन, ग्राहकाचा हात मूर्तीच्या गालावर, बोटाला चिकटलेला पिवळा थेंब. सांगायला लाज वाटते — अकरा वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं पान झालंय!

तो म्हणेल, बाईंनी लिहून दिलं. म्हणू दे की! पुस्तकावर नाव कुणाचं? टंकलेखनवाली बाई कुठून आणणार संशोधन? कोण विश्वास ठेवेल? त्याच्याच मुखपृष्ठाने त्याचं तोंड बंद केलंय.

हसू येतंय सारखं.

गुरुवार, १३ मार्च

स्टुडिओत तालीम. वाचलं त्याने. काचेपलीकडचा तंत्रज्ञ चहा पिता पिता थांबला. पिवळ्या थेंबापाशी आवाज इतका खाली आणला की माझ्याच अंगावर काटा आला. हे त्याला जमतं. हे मी नाकारत नाही.

मग कागद खाली ठेवून म्हणाला, ‘बाई, काय लिहिलंयत हो!’

मी म्हटलं, ‘तपासून घ्या हवं तर. अध्यक्ष कडक आहेत.’ का म्हटलं कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

हसला. ‘तुम्ही लिहिलंय ना? मग मी काय तपासणार? अकरा वर्षांत कधी तपासलंय?’

क्षणभर वाटलं, कागद परत मागावा. मग घरी येऊन ते शेवटचं पान पुन्हा उघडलं. टंकलेखन साहाय्य. नाही मागितला तेच बरं.

शनिवार, १५ मार्च

दोनदा फोन. ताईने घेतला, रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘त्याचाच आहे. पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलायचं म्हणतोय. घे ना!’

‘झोपलीय म्हणून सांग.’

‘चार वाजता दुपारी?’

‘मेलीय म्हणून सांग मग!’

ताईने झोपलीय म्हणूनच सांगितलं. आणि मग संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही. बोलू नको. तुला काय माहीत, आपलं लिहिलेलं रोज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काय असतं ते. दूधवालासुद्धा मलाच सांगतो, ‘आज साहेबांनी कसला भारी शब्द सांगितला!’

रविवार, १६ मार्च, सकाळ

निळी साडी इस्त्री केली. पहिल्या रांगेत, मधोमध बसणार. कात्री बोलायला उठतील तेव्हा मला त्याचा चेहरा समोरून बघायचाय. एकही क्षण चुकवायचा नाही.

ताई येत नाही म्हणाली. नको येऊ.

रविवार, संध्याकाळ

त्याने कागद आधी उघडलाच नाही. म्हणाला, ‘ह्या पुस्तकातली एकही ओळ माझी नाही.’ माझं पूर्ण नाव घेतलं. मुखपृष्ठ आणि आभाराचं पान त्यालाही छापून आल्यावरच दिसलं. आठवडाभर प्रकाशकाशी भांडत होता, पुढच्या छपाईत माझं नाव येणार. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, माझ्याकडे वळून. मग तो म्हणाला, ‘आता बाईंचं नवं पान ऐका,’ आणि मेण वाचलं. जीव ओतून.

कात्रींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. थेट मला विचारलं, ‘बाई, ह्याला आधार काय?’

मी उभी राहिले. म्हणाले, ‘चुकलं माझं.’

नंतर जिन्यात तोच माझी समजूत घालत होता. ‘होतं हो, बाई. अकरा वर्षांत एकदाच!’

मुद्दाम केलं, हे मी त्यालाही सांगितलं नाही.