कोणाच्या मापाचा ओटा

१२ नोव्हें. २००२, मंगळ.
दिवाळीचे डबे रिकामे झाले. सिंकखाली पुन्हा पाणी. कडप्प्याची चीर आता गॅसपर्यंत पोचली. चकल्या तळताना ह्यांनी दोनदा कंबर धरली. बस्स झालं. स्वयंपाकघर नवीन करायचं. साठ हजार, वर एक छदाम नाही. ह्यांच्या व्हीआरएसमधली एक ठेव मोडायची.

चकल्या ह्यांनीच तळल्या. वहीत तरी खरं लिहावं. पिंपरीची कंपनी सोडून ह्यांना तीन वर्षं झाली. मी सव्वानऊला ऑफिसला जाते, सातला येते. जेवण आपोआप शिजत नाही. हे शिजवतात, आणि माझ्यापेक्षा बरं शिजवतात. जगासाठी मात्र आमच्याकडे शेवंताबाई येतात, पोळीभाजीला. या नावाची बाई जगात नाही. व्हीआरएस घेतली तेव्हा मोठे दीर चारचौघांत म्हणाले होते, "आता काय, घरी बसून पोळ्या लाटणार का?" हे हसले नव्हते. पुढच्याच महिन्यात सासूबाईंनी मला विचारलं, घरचं कसं जमवतेस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बाई लावलीय. झालं. तेव्हापासून शेवंताबाई कामावर आहेत, एक खाडा नाही. सा. बा. सदाशिव पेठेत दिरांकडेच असतात. फोनवर हमखास विचारतात, "बाई टिकली का गं?"
टिकली. जाते कुठे.

१४ नोव्हें., गुरु.
के. रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन आली. हिंजवडीला नोकरीला लागून लेकीला सात महिने झालेत, त्यामुळे आता सगळ्या विषयांत तज्ज्ञ. "आई, चिमणी मस्ट आहे. कॉर्नरला फिरणारी ट्रॉली. इट्स अ वन-टाइम इन्व्हेस्टमेंट." पैसे मी घालते म्हणाली. हे म्हणाले, तुझे तू ठेव.
मग ह्यांनी आलेखाचा कागद काढला. टूलरूममधे सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. गेला आठवडाभर म्हणे टिपून ठेवतायत: फ्रिजपासून सिंक किती पावलं, कुठला डबा दिवसातून किती वेळा निघतो. तिखट-मिठाचा डबा नऊ वेळा. पुरणयंत्र वर्षातून दोनदा, आणि ते बसलंय अगदी हाताशी. "रोजचं ते कमरेच्या वर नि खांद्याच्या खाली. बाकीचं माळ्यावर." एवढं एकच कलम. मला पटलं. के. म्हणाली, बाबा तुम्ही हे आमच्या कंपनीत येऊन शिकवा.
हे खूश. दाखवलं नाही.

१७ नोव्हें., रवि.
शिंदे मिस्त्री आले. शांत माणूस, पान खात नाही, वेळेवर येतो. पुण्यात असे मिस्त्री असतात हे माहीत नव्हतं.
जुना ओटा ठोकून बघितला, मग टेप काढून मला म्हणाले, "वहिनी, या. पोळी लाटल्यासारखं करा." कोपरापासून माप घेतात ते. ज्या बाईचं घर, तिच्या कोपराचं माप, मग ओटा. त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. मी चार फूट अकरा. उभी राहिले, हवेत लाटलं. शिंद्यांनी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं: ३१.
हे दारात उभे. पाच फूट अकरा. डॉक्टरांनी पट्टा दिलाय, वाकू नका म्हणून सांगितलंय. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी खिडकीबाहेर. बाहेर सोसायटीची पाण्याची टाकी. त्यात बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.
मी बोलले नाही. का नाही बोलले? शिंद्यांसमोर ह्यांची शोभा नको म्हणून. आणि एकतीस इंच तसाच राहिला.

१९ नोव्हें., मंगळ.
यादीची काटछाट. चिमणी रद्द, एक्झॉस्ट पंखा पुरे. फिरणारी ट्रॉली रद्द, तिच्या किमतीत तीन साध्या येतात. दोन भांड्यांचं सिंक रद्द; एकच, पण कढई आडवी मावेल एवढं मोठं. ग्रॅनाइट काळा, वखारीतला उरलेला तुकडा, लांबी बरोबर बसते. मिक्सरचं बटण ओट्याच्या उजव्या हाताला, म्हणजे वायर शेगडीवरून जाणार नाही. गॅसच्या वर ट्यूब, मागे नाही. हे म्हणाले, "तीन वर्षं आपल्याच सावलीत भाजी चिरतोय." या घरात सोळा वर्षं झाली, मला कधी सुचलं नव्हतं. आणि आता सुचायला मी तिथे उभी तर राहायला हवी.
सुताराच्या यादीत ह्यांनी एक फळी लिहिलीय, सरकती. कशाला? "असू दे." ती काही खोडू देत नाहीत.

२२ नोव्हें., शुक्र.
बुधवारी फोडलं. धूळ दुधात, धूळ अंथरुणात, धूळ देवांवर. गॅस हॉलमधे. हॉलची खिडकी समोरच्या इमारतीकडे, म्हणून हे दुपारी बारा वाजता पडदे ओढून पिठलं करतात. संध्याकाळी सांगितलं मला. मी आधी हसले. मग नाही हसू आलं. स्वतःच्या घरात चोरून पिठलं करायचं म्हणजे काय.

२४ नोव्हें., रवि.
सकाळी ह्यांना खुर्चीतून उठता येईना. चार दिवस जमिनीवरच्या शेगडीपाशी वाकून. मी चोळून दिलं. उद्या शिंदे ओट्याच्या भिंती उचलणार, एकतीसवर. म्हटलं, अहो, मी सांगते त्यांना.
"काही नको. तुझं स्वयंपाकघर आहे, तुझ्या मापाने होऊ दे."
माझं! मी शेवटचा कुकर कधी लावला ते मला आठवत नाही. तसं बोलले. हे म्हणाले, लोक काय म्हणतील याचा विचार कर. मी म्हटलं, लोक येणार आहेत का तुमची कंबर चोळायला? आवाज चढला माझा. के. खोलीतून बाहेर आली नि परत आत गेली.
मला भीती वाटते ती सरळ लिहिते. ओटा एकदा झाला की वीस वर्षांचा झाला. पैसे परत नाहीत, फोडाफोडी परत नाही. वीस वर्षं हा माणूस माझ्या उंचीला वाकत राहणार, एका खोट्यासाठी, आणि ते खोटं माझ्या तोंडून निघालेलं.
दुपारचं पिठलं मी केलं. गुठळ्या.

२५ नोव्हें., सोम.
ऑफिसला फोन केला, उशिरा येते. शिंद्यांनी दोरी बांधलेली, विटांचे दोन थर झालेले. मी पदर खोचून उभी. आता सांगायचंच. तोंड उघडलं आणि मागून हे:
"शिंदे, थांबा. सदतीस करा."
"साहेब, सदतीस? वहिनींना जड जाईल."
"वहिनी नाही करत स्वयंपाक. मी करतो."
झालं. एवढंच. छत कोसळलं नाही. शिंद्यांनी थापी ठेवली, डोक्यावरचा रुमाल काढून परत बांधला. "मग माप घेतानाच नाही का सांगायचं, साहेब? आता दोरी परत बांधायची." मग टेप काढला. "या. लाटून दाखवा."
ह्यांनी हवेत लाटलं. कोपर अंगाशी, मनगट सैल, मधेच पोळी फिरवल्यासारखी बोटं. मी हे रोज खाते, पण बघितलं कधी होतं! शिंदे बघत राहिले. म्हणाले, "हात बसलाय." आणि पेन्सिलीने एकतीस खोडून सदतीस लिहिलं. दोन थर उतरवायची गरजच नव्हती. वर चढवायचं होतं.
लुनावर बसले आणि कर्वे पुतळ्यापर्यंत रडत गेले. सुटल्याचं रडू. हुश्श.

२९ नोव्हें., शुक्र.
ग्रॅनाइट बसला. के.ला शिंद्यांचा प्रसंग सांगितला. ती म्हणाली, "त्यात काय? माझ्या अख्ख्या टीमला माहितीय डबा बाबा करतात. बुधवारी उसळीसाठी रांग लागते."
तिघांच्या घरात लपवत होतं कोण? आम्ही दोघं! आणि पोरगी हिंजवडीत ह्यांची जाहिरात करत हिंडतेय. ह्यांनी फक्त विचारलं, "कुठली उसळ?"

६ डिसें., शुक्र.
अमावास्या टाळून आज नव्या ओट्यावर दूध उतू घालवलं. पंखा जोरात ओढतो. सिंकमधे कढई खरंच आडवी मावते. ट्यूबच्या उजेडात भाताचं शीत न शीत दिसतं. चिमणीची आठवण कोणालाही नाही, के.ला सुद्धा. साठ हजारांत दीड हजार उरले, त्यात नवा तवा.
हे ताठ उभे राहून पोळ्या करतात. पट्टा खुंटीला. मी बघत बसते आणि बरं वाटतं, इतकं बरं वाटतं की दृष्ट लागेल असं.
माझी मात्र पंचाईत. ओटा माझ्या कोपरापर्यंत. चहा करायला गेले तर टाचा उंचावल्याशिवाय पातेल्याचा तळ दिसेना. हे आले, ट्रॉलीच्या वरची ती फळी ओढली बाहेर. बरोबर एकतीस इंचांवर. "शिंद्यांनी तुझं माप लिहिलेलंच होतं," म्हणाले. भाजी निवडायची, चिरायची, रविवारी हौसेने दोन पुऱ्या लाटायच्या तर माझी जागा. यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट. साठ रुपयांची फळी.

८ डिसें., रवि.
सा. बा.ंचा फोन. पुढच्या रविवारी बघायला येते म्हणाल्या, दादा रिक्षात बसवून देईल. "आणि त्या बाईला थांबवून ठेव. एवढी तीन वर्षं टिकली, तिला मी बघितलंसुद्धा नाही."
फोन ठेवला. हे म्हणाले, सांगू. कधी? बघू. मी म्हटलं, शिंद्यांना सांगितलंत ना. म्हणाले, "शिंदे माझी आई नाहीत."
पण आठवडाभर झोप नीट लागतेय ह्यांना. आधी लागत नसे. तेवढं पुरे मला सध्या.

१५ डिसें., रवि.
अकराला आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात काठी, पण दोन जिने न थांबता. थेट स्वयंपाकघरात. ओट्याशी उभ्या राहिल्या तर ओटा छातीच्या जरा खाली.
"अगं, हा ओटा आहे की वाण्याचं दुकान? कोणाच्या मापाचा केलात?"
मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्या वेळी खिडकीबाहेर नाही बघितलं ह्यांनी.
"माझ्या."
"तुझ्या? आणि बाई काय शिडी लावून लाटणार?"
"आई, बाई नाहीये. कधीच नव्हती. मी करतो."
सा. बा.ंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, खोटं माझंच. मग हॉलमधे जाऊन बसल्या, पेपर उघडला. पाऊण तास एकच पान. आत हे पोळ्या करत होते. पोळ्या गोल. मला वाटलं, आता रिक्षा बोलवा म्हणतात.
जेवल्या. अडीच पोळ्या, वाटी भरून आमटी परत घेतली. म्हणाल्या काय, तर "कड जाड राहते तुझी." ह्यांनी "हो" म्हटलं. त्यांची पाठ वळल्यावर हसू दाबायला मला पदर तोंडात कोंबावा लागला.
चारला निघाल्या. हे त्यांना चपला घालून देत होते, तर त्यांनी ह्यांचा हात धरला, उलटा केला. मनगटावर कढईच्या काठाने भाजल्याचे डाग आहेत, चार-पाच, काही जुने. एकेक बघितला. बोटाने चाचपला. माझ्या हातावर होते तसले डाग, नव्या लग्नात, तेव्हा मला म्हणाल्या होत्या, होतं असं.
ह्यांना काहीच म्हणाल्या नाहीत. दिरांना सांगणार की नाही, मला कळलं नाही, मी विचारलं नाही, आणि रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता तरी त्या हात सोडेनात.