दोनच हाका

चिक्कडपल्ली, हैदराबाद
१४ मे २०००

चि. विक्रम,

अनेक आशीर्वाद. सहाच वर्षांनी मोठी असले तरी आशीर्वाद द्यायचा मान माझा आहे, तेव्हा मुकाट्याने घे.

इकडे सगळं ठीक म्हणायचं. सौरभच्या शाळेला सुट्टी लागल्यापासून आम्ही मायलेक माहेरी नानांकडेच आहोत. तारनाक्याच्या घरी तुझे दाजी एकटेच स्वयंपाक करताना हात भाजून घेताहेत. नाना आता पलंगावरून उठत नाहीत. थोडी पेज घेतात, बाकी भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. 'इथलं कॉम्प्युटरचं वायटूकेचं काम आटपलं की येतो' म्हणाला होतास. जानेवारी गेला, मे अर्धा सरला. फोनवर मी बोलायला लागले की तू 'हो अक्का, बघतो' म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र, तेही कुरिअरने. हे मध्येच ठेवता येत नाही.

आधी एक गंमत सांगते. तेरवा दुपारी केबलवाल्याने आपला तो सिनेमा लावला. शेजारच्या इंदुताईंनी चोवीस तासांसाठी व्हीसीआर आणला होता, गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती आणि वर नाव नसलेली ती कॅसेट लागली होती. विहिरीतून वर येणारी बाई. तू आठ वर्षांचा, माझ्या परकरात तोंड खुपसून बसला होतास. मी चौदाची, मोठी म्हणून डोळे उघडे ठेवले आणि नंतर पस्तावले.

आता सौरभ आठ वर्षांचा आहे. तो सोफ्यावर लोळून हसत होता. "मम्मी, देख ना, दय्यमने घड्याळ घातलंय!" खरंच, त्या भुताच्या मनगटावर चांगलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं. विहिरीचं पाणी म्हणजे निळा प्लास्टिकचा कागद. वटवाघळाची दोरी दिसत होती. मलाही हसू आवरेना. याला आपण महिनाभर घाबरलो? लहानपणी आपण सिनेमा घरी घेऊन यायचो रे. मोरीत, माळ्यावर, पलंगाखाली नेऊन ठेवायचो. सौरभची पिढी तो टीव्हीतच सोडून उठते, आणि आता मीही तेच करते. वय झालं, दुसरं काय.

पण हसता हसता मी एका प्रसंगाची वाट पाहत होते. दिवाळीत तूच फोनवर म्हणालास, "त्यातला तो दाराबाहेरून हाका मारायचा सीन अजून स्वप्नात येतो. इथे बेल वाजली तरी मी तिसऱ्यांदा वाजेपर्यंत उठत नाही." मलाही तो सगळ्यात जास्त आठवतो. बंद दार, बाहेर रखरखीत ऊन, ओळखीच्या आवाजातल्या दोन हाका, बांगड्यांचा दारावर घासल्याचा आवाज आणि मग काहीच नाही.

विक्रम, सिनेमा संपला. तो प्रसंग आलाच नाही.

ती बाई त्या सिनेमात दारावर येतच नाही. खिडकीतून येते, विहिरीतून येते, आरशात दिसते. हाक एकदाही मारत नाही. मी नावं संपेपर्यंत बसून राहिले. सौरभ म्हणाला, "मम्मी, हो गया, अब कार्टून लाव."

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात होते. सौरभ चित्रं काढत होता. बाहेरून हाक आली, "भाग्ये." तुला माहीत आहे, मला भाग्ये म्हणणारं एकच माणूस होतं. माझं बोट आपोआप पहिल्या पेरावर गेलं. पुन्हा आली, "भाग्ये." तेवढ्यात आतून नाना म्हणाले, "बघ गं, कोण आहे दारात." मी धावत जाऊन कडी काढली. कुणी नव्हतं. पायरी तव्यासारखी तापली होती. सौरभला विचारलं तर तो म्हणतो त्याला काहीच ऐकू आलं नाही. मग नानांना कसं आलं?

मी भ्रमिष्ट झाले असं समज हवं तर. पण आता पुढचं नीट वाच.

सिनेमा पाहिल्यावर आपण घरात एकटे राहायला तयार नव्हतो. नाना ड्यूटीवर आणि आईला मलकपेठला मावशीकडे पापड लाटायला जायचं होतं. तेव्हा तिने आपल्याला गावाकडची रीत सांगितली. बाहेरचं जे असतं ते दोनच हाका मारतं, तिसरी त्याला मारता येत नाही. "माझा आवाज आला तरी तिसऱ्या हाकेशिवाय कडी काढायची नाही. मी असेन तर तीन मारीन." हसून म्हणाली होती. आपली भीती घालवायला म्हणाली होती.

ती भर उन्हातून आली. 'भाग्ये' म्हणून दोन हाका मारल्या. तिसरी मारायला तिच्यात दम उरला नव्हता.

पहिल्या हाकेलाच तू उठला होतास. "आई आली" म्हणून कडीकडे हात नेला होतास. मीच तुला मागे ओढलं, तुझ्या तोंडावर हात दाबला आणि कानात म्हणाले, "मोज." दुसऱ्या हाकेनंतर आपण बराच वेळ थांबलो. तिसरी आली नाही, तेव्हा आपण तोंड दाबून हसलो. भुताला फसवलं म्हणून. साडेचारला इंदुताई ओरडल्या, तेव्हा दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, थोडं आधी आणलं असतं तर.

नानांनी विचारलं, हाक ऐकली नाही? मी म्हणाले, "आम्ही झोपलो होतो. दार विक्रमने लावलं होतं."

एवढंच बोलले. सोळा वर्षं पुरलं. नानांनी तुझ्यावर हात कधी उगारला नाही, पण त्या दिवसापासून तुला नावाने हाक मारली नाही. 'ए' म्हणायचे, नाहीतर मला सांगायचे, 'त्याला जेवायला वाढ.' तू गप्प होत गेलास, अभ्यासात डोकं घातलंस आणि विमानात बसलास. मीच सांगितलं म्हणून तुलाही वाटत राहिलं की तू दार लावून झोपलास आणि आई गेली. खरी गोष्ट तुला आठवत होती, पण ती सिनेमात होती असं तू समजत होतास. आणि मीसुद्धा. माझ्या सोयीचं होतं ना ते. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. नको करूस हवं तर.

परवा दार लावून आत आले तर नाना म्हणाले, "कोण होतं?" मी पलंगाजवळ बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता मलाही 'ए' म्हणतील. रात्रीची पेज घेतली नाही, पाणीही घेतलं नाही.

काल दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. डोळे मिटलेलेच होते. एकाएकी मोठ्याने म्हणाले, "विक्रम." सौरभ दचकून माझ्याकडे बघायला लागला, हे नाव त्याने आजोबांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, "नाना, त्याला बोलावते." त्यांनी मान हलवली, दाराकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "विक्रम." या वेळी आवाज फारच बारीक होता. मग धाप लागली. डॉक्टर येऊन गेले. आठ-दहा दिवस म्हणाले, जास्त नाही.

नानांच्या दोन हाका झाल्या आहेत, बाळा. या वेळी मोजत बसू नकोस.

दाराची कडी काढून उंबऱ्यात बसलेली,
तुझी अक्का